मूल वेगळे होते, म्हणजे तुटतेच असे नाही

दहावीचा निकाल लागला की खानदेशातल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. मुलाला लातूरला पाठवायचे की कोट्याला, नाशिकला की पुण्याला, की जळगावातच एखाद्या क्लासला घालून डोळ्यांसमोर ठेवायचे? रावेर-यावलचा केळी उत्पादक असो, चोपडा-शिरपूर पट्ट्यातला कापसाचा शेतकरी असो, भुसावळचा रेल्वे कर्मचारी असो किंवा धुळ्याचा शिक्षक असो, क्लासची फी आणि वसतिगृहाचा खर्च कसा उभा करायचा हा प्रश्न तो कसाबसा सोडवतो. परंतु त्यामागून येणारा दुसरा प्रश्न त्याला अधिक छळतो. दूर गेलेले मूल आपले राहील का, की आपले ऐकणे सोडून वाईट नादाला लागेल? मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते आणि प्रवेशाच्या दिवसांत हा प्रश्न मला दरवर्षी वेगवेगळ्या शब्दांत विचारला जातो. त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट असते : मूल आईवडिलांपासून मनाने जितके स्वतंत्र होईल तितके ते बिघडेल. हे खरे आहे का, हे पाहण्यासाठी मी वाचायला लागले. सुरुवात अमेरिकेतल्या संशोधनापासून झाली, पण मन रमले ते चीनमधल्या किशोरवयीन मुलांवरच्या अभ्यासांत, कारण आपली घरे मला तिथे अधिक ओळखू आली.

मानसशास्त्रात या स्वातंत्र्याला भावनिक स्वायत्तता म्हणतात. पीटर ब्लॉस या मनोविश्लेषकाने १९६७ मध्ये अशी मांडणी केली की, लहान मूल जसे आपण आईपासून वेगळे आहोत हे पहिल्यांदा ओळखते, तसेच किशोरवयात ते दुसऱ्यांदा वेगळे होते. फरक इतकाच की या वेळी ते आईच्या कुशीतून नव्हे, तर स्वतःच्या मनात बाळगलेल्या आईवडिलांच्या बालपणीच्या प्रतिमेतून बाहेर पडते. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सुसान सिल्व्हरबर्ग यांनी १९८६ मध्ये या कल्पनेला मोजता येईल असे रूप दिले. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी वीस विधानांची एक मापनश्रेणी तयार केली आणि भावनिक स्वायत्ततेचे चार घटक सांगितले. आईवडिलांचे कधी चुकतच नाही ही समजूत सुटणे हा पहिला. आई ही केवळ आई नाही आणि वडील हे केवळ वडील नाहीत, त्यांनाही स्वतःचे मित्र, भीती, हौस आणि दुःख असलेले आयुष्य आहे हे दिसू लागणे हा दुसरा. प्रत्येक अडचणीत त्यांच्याकडे धाव घेण्याआधी स्वतः काही करून पाहणे हा तिसरा. आणि आपल्याविषयी अशा काही गोष्टी आहेत की ज्या त्यांना ठाऊक नाहीत, आपण त्यांच्याहून निराळी व्यक्ती आहोत, ही जाणीव हा चौथा.

हे चार घटक वाचताना माझ्यासमोर आमच्या वर्गातली मुले उभी राहतात. ज्या मुलाने लहानपणापासून आपल्या वडिलांना शेतातला शेवटचा शब्द म्हणून पाहिलेले असते, पेरणी कधी, फवारणी कशाची, कापूस कधी विकायचा हे सगळे ज्यांच्या तोंडून ऐकलेले असते, तोच मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर तालुक्याच्या बँकेत जातो आणि कर्जाच्या अर्जापुढे वडील कसे अवघडून बसतात, साहेबाशी किती खालच्या आवाजात बोलतात, हे पाहतो. घरी परतताना त्याच्या मनातले वडील पूर्वीचे राहिलेले नसतात. या क्षणापासून दोन वाटा फुटतात. एक मुलगा वडिलांना माणूस म्हणून ओळखायला लागतो, त्यांची अडचण समजून घेतो आणि त्यामुळे त्यांच्या अधिक जवळ येतो. दुसरा मनात म्हणतो की यांना काही कळत नाही, आणि त्या दिवसापासून घरी सांगणे बंद करतो. मापनश्रेणीवर दोघांनीही पहिली पायरी ओलांडली, असेच दिसेल. त्यांच्यातला फरक मात्र आयुष्यभराचा आहे.

स्टाइनबर्ग आणि सिल्व्हरबर्ग यांच्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली आणि पालकांची भीती अगदीच निराधार नाही हे तिच्यावरून कळते. किशोरवयाच्या पहिल्या टप्प्यात आईवडिलांवरचे अवलंबन जसे कमी होत जाते, तसा बरोबरीच्या मुलांच्या दबावाला बळी पडण्याचा धोका वाढतो. म्हणजे मूल घरापासून थेट स्वतःपर्यंत पोहोचत नाही. मधल्या काळात ते मित्रांच्या हाती असते. गुटख्याची पहिली पुडी, परवाना नसताना चालवलेली पहिली मोटारसायकल, क्लासला दांडी मारून मोबाइलवर काढलेली पहिली दुपार, या सगळ्यांत एखादा मित्र असतोच. पालक त्या मित्राला दोष देतात. मला वाटते की दोष शोधण्याआधी तो मित्र कोणती रिकामी जागा भरून काढत होता, हे पाहायला हवे.

१९८९ मध्ये रिचर्ड रायन आणि जॉन लिंच यांनी या मापनश्रेणीवरच आक्षेप घेतला. ज्या मुलांना तिच्यावर जास्त गुण मिळतात त्यांना आईवडिलांकडून मिळणारा आधार कमी वाटतो, त्यांच्याजवळ सुरक्षित वाटत नाही, असे त्यांना आढळले. त्यांचे म्हणणे असे की आपण ज्याला स्वायत्तता म्हणतो आहोत ते पुष्कळदा तुटलेपण असते. खरी स्वायत्तता नात्याच्या आधाराने वाढते, नाते सोडून नव्हे. सुझी लॅम्बॉर्न आणि स्टाइनबर्ग यांनी १९९३ मध्ये उत्तर दिले की परिणाम चांगला की वाईट, हे त्या नात्यात आधार किती आहे यावर ठरते. आणि १९९५ मध्ये फुहरमन आणि होल्मबेक यांच्या अभ्यासातून तिसरीच बाजू पुढे आली : ज्या घरांत माया कमी आणि संघर्ष जास्त, तिथे मनाने दूर जाणारी मुले उलट अधिक सावरलेली दिसली, आणि जिथे माया होती तिथे दूर जाणे तापदायक ठरले. मला हा निष्कर्ष या सगळ्या वादात सर्वांत मोलाचा वाटतो. रोज संध्याकाळी पिऊन येणाऱ्या बापापासून मनाने लांब झालेली मुलगी अभ्यासात, मैत्रिणींत, एखाद्या शिक्षिकेच्या शब्दांत आपला आधार शोधते, तेव्हा ती बिघडलेली नसते; तिने स्वतःला वाचवलेले असते. अशा मुलीला "आईबाप हेच दैवत" असे ऐकवणारे नातेवाईक तिच्यावर अन्याय करतात.

आता चीनकडे येते. हा सगळा वाद ज्या समाजात झाला तिथे मुलाने अठराव्या वर्षी घर सोडणे हे सरळ वाढीचे लक्षण मानले जाते. चीनमध्ये तसे नाही आणि आपल्याकडेही नाही. आईवडिलांचा मान, म्हातारपणी त्यांचा सांभाळ, त्यांच्या कष्टांचे पांग फेडणे, हे तिथल्या कन्फ्यूशियन परंपरेचे मूळ आहे. त्यावर १९७९-८० पासून २०१५ पर्यंतच्या एक मूल धोरणाचा थर चढला, ज्यामुळे शहरांतल्या असंख्य घरांत दोन आईवडील आणि चार आजीआजोबा यांच्या साऱ्या आशा एकाच मुलावर येऊन टेकल्या. त्यावर आणखी परीक्षेचा भार. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली गाओकाओ ही विद्यापीठ प्रवेश परीक्षा १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये तिला सुमारे १ कोटी ३४ लाख विद्यार्थ्यांनी नाव नोंदवले. त्याच वर्षी आपल्या 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला सुमारे २४ लाख मुले होती. आनहुई प्रांतातले माओतानचांग हे गाव तर परीक्षेच्या तयारीसाठीच ओळखले जाते. तिथे मुलाबरोबर आई खोली भाड्याने घेऊन राहते, स्वयंपाक करते आणि परीक्षेपर्यंत तिचे दुसरे आयुष्य नसते. लातूरला मुलाबरोबर खोली करून राहिलेल्या जळगाव-धुळ्याच्या माता मला ठाऊक आहेत. त्यांचे दिवस याहून वेगळे नसतात.

अशा समाजात मुले स्वतंत्र होतात तरी कशी? शर्ली फेल्डमन आणि डोरीन रोझेन्थल यांनी १९९१ मध्ये हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या मुलांची तुलना केली, तेव्हा हाँगकाँगच्या मुलांना स्वतःचे निर्णय घेण्याची मुभा अधिक उशिराच्या वयात अपेक्षित होती. परंतु उशिरा अपेक्षित असणे म्हणजे इच्छा नसणे नव्हे. जेनी याऊ आणि ज्युडिथ स्मेटाना यांनी हाँगकाँग आणि शेंझेन इथल्या मुलांशी बोलून दाखवले की चिनी घरांतही आईवडील आणि मुले यांच्यात खटके उडतात, आणि ते देशोदेशीच्या घरांत उडतात तसेच साध्या रोजच्या गोष्टींवरून उडतात : गृहपाठ, टीव्ही, घरातली कामे, बाहेर जाणे. मुलांचे म्हणणेही ओळखीचेच होते, की ही माझी बाब आहे. इव्हा पोमेरँट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि चीन इथल्या सातवी-आठवीच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला त्यात असे दिसले की वय वाढेल तशी अमेरिकन मुलांमधली आईवडिलांप्रती जबाबदारीची भावना ओसरते, चिनी मुलांमध्ये ती तशी ओसरत नाही, आणि ती टिकली की अभ्यासातला रसही टिकतो. किशोरवय म्हणजे बंडखोरीचेच वय, हे म्हणणे निसर्गनियम नसल्याचा हा पुरावा आहे. आपल्याकडे मूल तेरा वर्षांचे झाले की "आता हा ऐकणार नाही" असे पाहुण्यांसमोर म्हणण्याची जी पद्धत पडत चालली आहे, ती मला म्हणूनच घातक वाटते. मुलाकडून आपण जे अपेक्षितो त्याचा त्याच्या वागण्यावर परिणाम होतो.

याच अभ्यासमालिकेतल्या २००९ च्या एका लेखात निर्णय घेण्याच्या मुभेविषयी लिहिलेले आहे. या वयात ज्या मुलांना हळूहळू अधिक निर्णय स्वतः घेऊ दिले गेले त्यांची भावनिक स्थिती दोन्ही देशांत सुधारली. अमेरिकेत जास्त, चीनमध्ये कमी, पण सुधारली. मी याचा अर्थ असा लावते की मुभा थोडी उशिरा दिल्याने आपल्यासारख्या घरांत फारसे बिघडत नाही, मात्र ती कधीच न देणे परवडत नाही. आणि २००७ च्या लेखात, वांग, पोमेरँट्झ आणि चेन यांनी, आणखी स्पष्ट गोष्ट दाखवली : आईवडील जेव्हा मुलाच्या मनावर ताबा ठेवतात, म्हणजे अपराधी वाटायला लावतात, माया काढून घेण्याची धमकी देतात, लाज वाटेल असे बोलतात, तेव्हा मुलाची भावनिक स्थिती चीनमध्येही ढासळते आणि अमेरिकेतही. आशियाई मुलांना असल्या बोलण्याची सवय असते, त्यांना ते लागत नाही, हा समज इथे टिकत नाही.

या मुद्द्यावर मला थोडे थांबायचे आहे, कारण आमच्या भागातले बहुतेक पालक मारत नाहीत, ओरडतही फार नाहीत. ते नेमके हेच करतात. ब्रायन बार्बर यांनी १९९० च्या दशकात वागण्यावरचे नियंत्रण आणि मनावरचे नियंत्रण असा जो भेद ठळक केला, तो आपल्या घरांत फार उपयोगी आहे. रात्री नऊच्या आत घरी ये, मोबाइल जेवणाच्या वेळी बाजूला ठेव, गाडी परवाना मिळाल्याशिवाय चालवायची नाही, हे वागण्यावरचे नियंत्रण झाले. ते स्पष्ट असेल आणि त्याचे कारण सांगितले असेल, तर मूल कुरकुरत का होईना पण ते स्वीकारते आणि त्यामुळे त्याचे रक्षणही होते. याउलट "तुझ्यासाठी जमीन गहाण ठेवली", "तुझ्या आईने दोन दिवाळ्या नवे लुगडे घेतले नाही", "काकांच्या पोराकडे बघ, त्याने बापाचे नाव काढले", "तू असाच वागलास तर मी जगून काय करू", ही वाक्ये मुलाच्या वागण्याला हात लावत नाहीत, ती सरळ त्याच्या असण्यावर बोट ठेवतात. ती खोटी नसतात. जमीन खरेच गहाण असते. परंतु सोळा वर्षांच्या मुलाला ते ऋण फेडायला एकच चलन दिलेले असते, ते म्हणजे गुण. आणि चाचणीत ते कमी पडले की त्याच्याजवळ दुसरे काही उरत नाही. मग तो निकाल लपवतो. एक निकाल लपवला की दुसरी खोटी गोष्ट सांगावी लागते, क्लास बुडतो, खोलीवरचे दिवस मोबाइलमध्ये जातात, आणि घरी कळते तेव्हा सगळे म्हणतात की पोरगा संगतीने बिघडला.

पालक ज्याला बिघडणे म्हणतात त्याला मानसशास्त्रात समस्यात्मक वर्तन म्हणतात; या शब्दाखाली काय काय येते, तेही पालकांना पूर्ण दिसत नाही. भांडण, चोरी, व्यसन, दांडी, खोटे बोलणे हे बाहेर पडणारे प्रकार त्यांना कळतात. आत वळणारे प्रकार कळत नाहीत : झोप न लागणे, जेवण तुटणे, परीक्षेच्या सकाळी पोट दुखणे, कोणाशीही न बोलणे, आपण ओझे आहोत असे वाटणे. आज्ञाधारक मुलांमध्ये हे दुसरे प्रकार मी जास्त पाहिले आहेत, आणि तीच मुले घरच्यांना सर्वांत निर्धास्त ठेवतात. रिचर्ड जेसर यांनी समस्यात्मक वर्तनाचा सिद्धांत १९७० च्या दशकात मांडला आणि पुढे २००३ मध्ये चीन व अमेरिका यांची तुलना करणारा अभ्यास सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केला. दोन्ही देशांची संस्कृती इतकी निराळी असूनही मुलांना सावरणाऱ्या गोष्टी सारख्याच निघाल्या : आजूबाजूच्या मोठ्या माणसांची योग्य उदाहरणे, वागण्याच्या ठाम मर्यादा आणि आधार. मर्यादा आणि आधार हे दोन्ही त्यात आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. मुलाला मोकळे सोडा असा सल्ला देणारे संशोधन हे नाही.

मुलावर लक्ष कसे ठेवायचे, हा पुढचा प्रश्न. हल्ली क्लासवाले रोजची हजेरी आणि प्रत्येक चाचणीचे गुण पालकांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवतात, वसतिगृहांत कॅमेरे आणि बोटांच्या ठशांची हजेरी असते, काही पालक मुलाच्या फोनचे ठिकाण स्वतःच्या फोनवर पाहत असतात. चीनने तर २०२१ मध्ये नियमच केला की अठरा वर्षांखालील मुलांना ऑनलाइन खेळ फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ खेळता येतील. खेळाचे तास असे बाहेरून मोजता येतात. मुलाच्या मनात काय चालले आहे ते मोजता येत नाही. स्वीडनमधले हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी २००० साली चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून एक जुनी समजूत मोडली. आपल्या मुलाचे काय चालले आहे हे ज्या पालकांना माहीत असते त्यांची मुले कमी बिघडतात, हे आधीपासून ठाऊक होते आणि त्यावरून पाळत ठेवा असा सल्ला दिला जात असे. या दोघांनी विचारले की ती माहिती पालकांना मिळते कशी? उत्तर निघाले की ती प्रामुख्याने पाळतीतून मिळत नाही, मुले आपणहून सांगतात म्हणून मिळते. ज्या मुलाला सांगावेसे वाटते त्याच्या पालकांना ठाऊक असते. त्यामुळे कामाचा प्रश्न एवढाच उरतो की आपल्या मुलाला सांगावेसे वाटते का.

आमच्याकडच्या फोनवरच्या संभाषणात त्याला जागाच नसते. वडील फोन करतात आणि अहिराणीत ठरलेले विचारतात : "जेवना का? अभ्यास चालू शे ना? पैसा शेतस ना?" त्यात माया नाही असे कोण म्हणेल? शेतातून थकून आलेल्या माणसाला मायेचे तेवढेच शब्द शिकवलेले असतात. पण या तिन्ही प्रश्नांना "हो" हे एकच उत्तर पुरते, आणि रोज "हो" म्हणणारा मुलगा कोणत्या अवस्थेत आहे हे त्या उत्तरातून कधीच कळणार नाही. मी वडिलांना सुचवते की प्रश्न विचारण्याऐवजी आधी स्वतःचे काही सांगावे. या वर्षी बोंडअळीने किती नुकसान केले, व्यापाऱ्याशी भावावरून काय बोलणे झाले, आपल्याला कशाची काळजी वाटते. स्टाइनबर्ग यांच्या चार घटकांपैकी दुसरा, म्हणजे आईवडिलांना माणूस म्हणून ओळखणे, तो यातूनच घडतो. काहींना भीती वाटते की असे बोलल्याने मुलावर ओझे येईल. ओझे येते ते "हे सगळे तुझ्यासाठी सोसतो" या जोडवाक्याने. ते जोडले नाही तर मुलगा घरच्या सुखदुःखाचा वाटेकरी होतो, कर्जदार होत नाही.

ज्या मुलांना स्वातंत्र्य मागावे लागत नाही, ते त्यांच्यावर येऊन आदळते, त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. चीनमध्ये सोयी-सवलती मूळ गावाशी बांधणाऱ्या, १९५८ पासूनच्या घरनोंदणीच्या पद्धतीमुळे शहरात कामाला गेलेल्या मजुरांना मुले तिथल्या शाळांत घालणे अवघड जाते, म्हणून ती गावी आजीआजोबांकडे राहतात. तिथल्या महिला महासंघाने २०१३ मध्ये अशा मागे राहिलेल्या मुलांची संख्या सहा कोटींच्या वर असल्याचे सांगितले होते. आपल्याकडे नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांच्या सातपुड्यातून, चाळीसगावच्या बाजूने, दसरा-दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला निघतात, काही दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे, काही पश्चिम महाराष्ट्राकडे. लहान मुले बरोबर जातात, मोठी मागे राहतात : आश्रमशाळेत, म्हाताऱ्या आजीजवळ, किंवा धाकट्या भावंडांची आई होऊन. अशी चौदा वर्षांची मुलगी स्वयंपाक करते, पाणी भरते, शाळेत जाते आणि कोणाकडेही मदत मागत नाही. मापनश्रेणीवर तिला स्वायत्ततेचे भरपूर गुण मिळतील. पण तिचे स्वातंत्र्य आधार नसल्यामुळे आलेले आहे, आधार होता म्हणून वाढलेले नाही, आणि रायन व लिंच यांचा आक्षेप मला अशा मुलींकडे पाहून सर्वांत खरा वाटतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. मुलाच्या स्वतंत्र विचाराला आपण हट्ट म्हणतो, मुलीच्या स्वतंत्र विचाराला धोका म्हणतो. बारावीनंतर शिकायचे आहे असे म्हणणाऱ्या मुलीचा फोन तपासला जातो, मैत्रिणी मोजल्या जातात, आणि काही घरांत घाईने स्थळे पाहिली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. या आकड्यामागे गरिबी आहे, स्थलांतर आहे, हुंड्याचे गणित आहे. पण मुलीने स्वतःचे मत बनवण्याआधीच तिची जबाबदारी हलवून टाकावी, ही भीतीही आहे. घरी बोलायची सोय नसलेली मुलगी बाहेर जो कोणी ऐकून घेईल त्याच्यावर विश्वास ठेवते. पाळत वाढवल्याने तिचा धोका कमी होत नाही, तिच्याजवळची विश्वासू माणसे मात्र कमी होतात.

हे सगळे पालकांना सांगताना मी सिद्धांताची नावे घेत नाही. मी अकरावीच्या अर्जापासून सुरुवात करते. २०२५ पासून राज्यभर अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले आहेत आणि अर्जात दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरता येतो. सेवा केंद्रावर संगणकापुढे वडील किंवा काका बसलेले असतात, केंद्रचालक सल्ला देत असतो आणि ज्याचा अर्ज आहे तो मागे उभा असतो. शाखा कोणती, महाविद्यालय कोणते, हे घरात चर्चा करून ठरवावे, पैशाची मर्यादा स्पष्ट सांगावी, आणि त्या मर्यादेत पसंतीक्रम मुलाने स्वतः भरावा, एवढे मी मागते. विज्ञानच घे, नाहीतर आमचे नाक कापले जाईल, असे म्हणून भरलेला अर्ज आणि आपल्याला हे का हवे आहे हे मुलाने दोन वाक्यांत सांगून भरलेला अर्ज, यांतला फरक पुढच्या दोन वर्षांत दिसतो. चुकीचा निर्णय झाला तर? होऊ शकतो. स्वतः घेतलेला निर्णय चुकला तर मूल तो बदलायचे बोलू शकते. दुसऱ्याने घेतलेला निर्णय चुकला तर ते बहुधा फक्त त्यातून पळते.

आणि मुलाला दूर पाठवायचेच असेल, तर वसतिगृह पाहताना पालक जे विचारतात त्यात एका गोष्टीची भर घालावी. अमळनेरला १९२४ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झालेले साने गुरुजी पुढे तिथल्या वसतिगृहाचे काम पाहू लागले आणि १९३० मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत घरापासून दूर आलेल्या मुलांचे आजारपण, रडणे, राग आणि खोल्यांची साफसफाई हे सगळे त्यांनी आपले मानले. खानदेशाला ही परंपरा परकी नाही. प्रत्येक वसतिगृहात तसा माणूस मिळणार नाही, पण एक प्रौढ माणूस असायलाच हवा की ज्याला मुलाच्या गुणांशी देणेघेणे नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे आणि तो क्रमांक मुलाच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी जतन करून द्यावा. तरीही फोनवरचा आवाज हा शेजारच्या खोलीतल्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. जेवण कसे आहे, मेस कोणाची आहे, कॅमेरे किती आहेत, हे विचारून झाले की व्यवस्थापकांना विचारावे : रात्री दोन वाजता माझ्या मुलाला रडू आवरले नाही, तर तो इथे कोणाचे दार ठोठावू शकतो? त्यांनी एखाद्या माणसाचे नाव घेतले आणि तो माणूस भेटवला, तरच फी भरावी.